निजेची जागा, अभ्यासाची जागा

घराचा इतिहास आपण बहुधा बाहेरून लिहितो. वास्तू कोणी बांधली, कोणत्या साली बांधली, दगड कोठून आणला, कमानी कोणत्या घाटाच्या, याची नोंद राहते. आतल्या भिंती मात्र इतिहासाच्या नजरेतून सुटतात. थोरल्याचे लग्न ठरले म्हणून माजघरात घातलेला कुड, धाकटीची परीक्षा आली म्हणून गॅलरीला ठोकलेल्या फळ्या, आजीला रात्री उठणे सोपे जावे म्हणून दाराशी आणलेली खाट, यांचा कोठे शिलालेख नसतो. तरीही सामान्य माणसाच्या आयुष्यात घराचा म्हणून जो इतिहास घडतो, तो बहुतांशी हाच असतो. असलेल्या जागेत कोणी कोठे निजावे आणि कोणी कोठे अभ्यास करावा, हा प्रश्न प्रत्येक पिढीने नव्याने सोडवलेला आहे.

या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा मुंबई शहराने घेतली. कोकणातून, घाटावरून, गोव्याहून पोटासाठी आलेल्या माणसांना या शहराने काम दिले, परंतु जागा दिली ती एका खोलीची. त्या एका खोलीतून निजेची आणि अभ्यासाची जागा कशी निघाली, ती काढताना कोणाला काय सोडावे लागले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

खोल्या थोड्या, जागा पुष्कळ

जुन्या मराठी घराच्या भागांची नावे एकदा सावकाश उच्चारून पाहावीत. पडवी, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, माडी, परसदार. यांतील काही नावे स्थानावरून पडली आहेत, काही कामावरून. माजघर म्हणजे घराचा मधला भाग. परसदार म्हणजे मागची बाजू. रात्रीच्या निजेवरून पडलेले नाव मात्र या यादीत नाही. शरीराच्या गरजेसाठी दार लावून घेता येईल अशी एकच खोली असे, ती बाळंतिणीची. शयनगृह हा शब्द भाषेत होता, पण तो राजवाड्यांत आणि नाटकांत वावरत असे.

याचा अर्थ असा नव्हे की माणसे अवघडून निजत. निजेला खोली लागते ही कल्पनाच त्या घराला ठाऊक नव्हती. निजेला लागत असे ती वळकटी. रात्री जेवणे उरकली, शेण-पोतेरे झाले, की त्याच जमिनीवर अंथरुणे पडत; पहाटे ती गुंडाळून कोनाड्यात गेली की माजघर पुन्हा माजघर होई. पुरुष ओसरीवर, बायका-मुले आत, म्हातारी माणसे चुलीच्या उबेला, अशी वाटणी वयावरून आणि नात्यावरून ठरलेली असे. भिंतीचे काम रिवाज करीत होता.

अभ्यासाचेही तसेच. पंतोजींची शाळा कोणाच्या तरी ओसरीवर भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची आणि पाढे मोठ्याने म्हणायचे. संध्याकाळी दिवेलागणीला घरातली मुले एकत्र बसून परवचा म्हणत. हा अभ्यास आवाजाचा होता, सोबतीचा होता. त्याला एकांत नको होता. एकांताची गरज निर्माण केली ती छापील पुस्तकाने आणि लेखी परीक्षेने. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. त्या परीक्षेपासून घराला एक नवा प्रश्न पडला. मनातल्या मनात वाचणारा, रात्री उशिरापर्यंत दिवा जाळणारा, कोणी बोलले तर चिडणारा एक विद्यार्थी घरात आला. त्याला बसवायचे कोठे?

त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे १८७३ साली त्यांचा रमाबाईंशी विवाह झाला आणि न्यायमूर्तींनी आपल्या पत्नीला रात्री शिकवावयास आरंभ केला. तिच्या वाचनाला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी केलेला विरोध, टोमणे आणि अबोला यांची हकीकत रमाबाईंच्या आठवणींत आली आहे. ते पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. घर मोठे होते, जागेचा तोटा नव्हता. तोटा होता तो स्त्रीने पुस्तक घेऊन बसावे अशा मान्य जागेचा. दिवसा बायकांत वावरायचे आणि रात्री पुस्तक उघडायचे, अशी त्या मुलीच्या दिवसाची दोन टोके होती. तेव्हा अभ्यासाच्या जागेचा प्रश्न केवळ चौरस फुटांचा नाही, हे आरंभीच लक्षात ठेवलेले बरे.

मठातील कोठडी

स्वतंत्र निजायची खोली ही पाश्चात्यांची फार जुनी रीत आहे, असा आपला एक समज आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे. युरोपातही शतकानुशतके माणसे एकाच दालनात निजत होती. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्या बाविसाव्या प्रकरणात निजण्याविषयी आज्ञा आहेत. प्रत्येकाला वेगळा बिछाना असावा. शक्य असेल तर सर्वांनी एकाच जागी निजावे. त्या दालनात पहाटेपर्यंत दिवा तेवत असावा. पुढे अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात दुपारच्या विश्रांतीची वेळ सांगितली आहे. त्या वेळी सर्वांनी आपापल्या बिछान्यावर शांत पडावे. कोणाला वाचावयाचे असेल तर त्याने वाचावे, मात्र दुसऱ्याची झोप मोडू नये. त्या काळी वाचन बहुधा ओठ हलवून होत असे, म्हणून हा नियम. एकाच खोलीत एकाने निजणे आणि दुसऱ्याने वाचणे, ही चाळीतल्या प्रत्येक घराची अडचण या ज्ञानी मठाधिपतीला चौदाशे वर्षांपूर्वी पडली होती आणि तिचे उत्तर त्याने भिंतीत शोधले नाही, शिस्तीत शोधले.

भिंत आली ती पुढे. संत ब्रुनो यांनी १०८४ साली फ्रान्समधील शार्त्रूझच्या डोंगरात ज्या संन्यासी संघाची स्थापना केली, त्यात प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी मिळाली. तीत निजायची जागा, प्रार्थनेची जागा, वाचनाचे मेज, हातकामाची जागा आणि लहानशी बाग असे. जेवण भिंतीतल्या झरोक्यातून आत येई. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या सॅन मार्को मठाची मिकेलोझ्झोने पुनर्बांधणी केली, तेव्हा डॉमिनिकन बंधूंसाठी ओळीने कोठड्या बांधण्यात आल्या आणि फ्रा अँजेलिकोने त्यांच्या भिंतींवर चित्रे काढली. निजणे आणि वाचणे यांसाठी एका माणसाला एक खोली, ही कल्पना अशी ज्यांना घर-संसार नव्हता त्यांच्या वास्तूंत दीर्घकाळ वाढली.

संसारी माणसाच्या घरात ती शिरली तेव्हा तिचे रूप पालटले. लिओन बातिस्ता अल्बेर्ती याने सुमारे १४५० साली वास्तुकलेवर ग्रंथ लिहिला. तो १४८५ साली छापला गेला. पती-पत्नींना वेगळ्या खोल्या असाव्यात, असे तो सांगतो. पत्नीच्या खोलीला लागून कपड्यांची खोली असावी, पतीच्या खोलीला लागून ग्रंथालय असावे. घराचा आराखडा एका वाक्यात बरेच काही सांगून जातो. अभ्यासिका घरात आली, पण ती कोणाच्या दाराला लागून आली, हे विसरता येत नाही.

प्लेगने ठरवलेले माप

आता मुंबईकडे वळू. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या या शहरात मजुरांसाठी खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. जमीनमालकाने बांधायच्या आणि भाड्याने द्यायच्या, एवढाच त्यांचा हिशेब होता. एका खोलीत एक कुटुंब राही. कधी कुटुंबासोबत गावचे दोन-चार पाहुणे पैसे देऊन राहत. कधी नुसते पुरुषच दहा-बारा. दिवसपाळीचा माणूस उठे आणि त्याच जागेवर रात्रपाळीचा येऊन पडे.

गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती तरुणांनी या अडचणीतून आपली एक रीत काढली. कोकणीत कूड म्हणजे खोली. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या लोकांनी आपापल्या गावाच्या नावाने कूड चालवले. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात तेथे उतरे. भिंतीशी ओळीने पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकाची एक. रात्री पेटीपुढे चटई अंथरायची. एका बाजूला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची रोझरी. खासगी अशी जागा म्हणजे ती पेटी. बाकी सर्व सामाईक. बेनेडिक्टच्या शयनदालनाशी याचे किती साम्य आहे, हे वाचकांना सांगावयास नको.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील तापाचे रोगी तपासताना डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ही ग्रंथिज्वराची साथ आहे, असे निदान केले. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर पुढे १९०६ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निदानाने शहराचा जीव हादरला आणि शहराच्या घरांचा इतिहासही बदलला. कोंदट, काळोख्या खोल्यांत रोग माजतो, असे ठरले. १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजेच लोकांच्या तोंडी बसलेला ‘ट्रस्ट’, स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या आणि काही चाळी स्वतः बांधल्या. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांच्या उजेडा-वाऱ्याविषयी एक सविस्तर व्याख्यान दिले. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली तर ती साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढी असू नये, असा त्यांचा नियम होता. सोप्या भाषेत, इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा समोर हवी.

हा नियम थोर होता. त्याने माणसे जगली. पण त्यात खोलीचा विचार कसा झाला, ते पाहावे. खोलीत हवा किती येते, उजेड किती येतो, हे मोजले गेले. त्या खोलीत नवरा-बायको कोठे निजणार, शाळेतला मुलगा कोठे बसणार, हे कोणी मोजले नाही. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झाले. मजुरांसाठी पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात नायगाव, वरळी, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग म्हणजे तेव्हाचा डिलाइल रोड, या चार ठिकाणी २०७ चाळी उभ्या राहिल्या. सिमेंट-काँक्रीटच्या, तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, मधून बोळ, संडास सामाईक. खोलीचे क्षेत्र १६० चौरस फूट. याच बी.डी.डी. चाळी.

१६० चौरस फूट म्हणजे किती? दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब. त्यात एका कोपऱ्यात मोरी, तिच्या शेजारी चूल किंवा शेगडी, भांड्यांची मांडणी, पाण्याचे पिंप, एक खाट. उरलेल्या जमिनीवर जेवायचे, त्याच जमिनीवर निजायचे. पुरुष माणसे बोळात, गच्चीवर, जिन्याच्या वळणावर अंथरूण टाकत. नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला आडोसा म्हणून दोरीवर एक लुगडे पडे. लुगड्याच्या एका बाजूला दिवा लागे, दुसऱ्या बाजूला विझे.

काळाची भिंत

अशाच एका खोलीत अभ्यासाची जागा कशी निर्माण झाली, याचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचे आहे. १९०४ च्या सुमारास सुभेदार रामजी आपले कुटुंब घेऊन मुंबईस आले आणि परळच्या चाळीत राहू लागले. खोली एक, माणसे अनेक. स्वयंपाक, संसार, निजणे, सारे त्यातच. धनंजय कीर यांच्या चरित्रात त्या खोलीचे चित्र आहे. भीमरावाच्या उशाशी जाते, पायाशी बकरी आणि उजेडाला मिणमिणता दिवा.

सुभेदारांनी यावर जो उपाय काढला, तो कोणत्याही वास्तुशास्त्राच्या पुस्तकात नाही. मुलाला संध्याकाळी लवकर निजवायचे. आपण जागे राहायचे. रात्री दोन वाजता त्याला उठवायचे आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर आपण निजायचे. घर झोपले, आवाज थांबला, आता ही खोली अभ्यासिका. जागेत भिंत घालता येत नव्हती, म्हणून बापाने रात्रीत भिंत घातली. एकाच अंथरुणाचे दोन मालक केले आणि आपल्या निजेचा पहिला प्रहर मुलाच्या नावावर लिहून दिला. मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला.

पुढे १९१२ च्या सुमारास हे कुटुंब परळ येथील ट्रस्टच्या चाळीत आले. तेथे त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या, क्रमांक ५० आणि ५१; १९३४ पर्यंत बाबासाहेबांचा पत्ता हाच राहिला. कोलंबियाची पदवी, लंडनची पदवी, बॅरिस्टरी, महाड, गोलमेज परिषद, हे सर्व या पत्त्यावर घडले. दोन खोल्यांपैकी एक त्यांच्या पुस्तकांकडे आणि कामाकडे गेली. याचा दुसरा अर्थ असा की संसार दुसऱ्या खोलीत मावला. रमाबाई, मुले आणि थोरले बंधू आनंदराव यांचे कुटुंब या सर्वांनी आपली जागा आक्रसून घेतली, तेव्हा ती अभ्यासिका उघडी राहिली. चरित्रकार त्या खोलीत लिहिल्या गेलेल्या ग्रंथांची नोंद करतात, ते योग्यच आहे. पण शेजारच्या खोलीचाही त्या ग्रंथांत वाटा आहे.

दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी ‘राजगृह’ बांधले. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव असलेले हे घर १९३३ च्या सुमारास पुरे झाले. खाली कुटुंब आणि वर ग्रंथालय, अशी त्याची योजना होती. सामान्यतः माणूस घर बांधतो आणि उरल्या जागेत पुस्तके ठेवतो. येथे पुस्तकांसाठी घर बांधले गेले. ज्याला एके काळी रात्री दोनपर्यंत अभ्यासाची जागाच नव्हती, त्याने स्वतःच्या घराचा विचार अभ्यासापासून सुरू केला. रमाबाईंना मात्र त्या घराचे सुख फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या निवर्तल्या.

भिंत सरकली

चाळीला पर्याय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत ‘ब्लॉक’ आला. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था स्थापन केली; १९१८ साली वांद्रे येथे साष्टीच्या कॅथलिकांची गृहसंस्था निघाली. दादर-माटुंग्यात ट्रस्टच्या आखणीवर नव्या वसाहती वाढल्या. ब्लॉकचे वैशिष्ट्य म्हणजे न्हाणी आणि संडास घराच्या आत आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खोल्यांना कामे वाटून दिली गेली आणि त्यांना जोडणारा छोटा बोळ घराच्या आत आला. या बोळाला कमी लेखू नये. युरोपातील जुन्या वाड्यांतही एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जावे लागे. इंग्लंडात सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोळ दिसू लागला आणि मग खोलीचे दार लावून घेता येऊ लागले. ज्या खोलीतून दुसऱ्याला ये-जा करावी लागते, ती निजेचीही होत नाही आणि अभ्यासाचीही होत नाही.

मुंबईच्या दोन खोल्यांच्या घराचे दुखणे नेमके येथे होते. बाहेरची खोली आणि आतली खोली. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि मोरी. बाहेरची खोली सर्वांच्या वाटेवर. खोल्या दोन असूनही बंद करता येईल अशी एकही नाही. हे कोडे सोडवायचे तर भिंत नव्हे, चूल हलवावी लागते. स्वयंपाक गॅलरीत किंवा एका पट्टीत नेला, की आतली खोली मोकळी होते. पण चूल धुराची होती तोवर ती हलत नव्हती. गॅसची शेगडी आली, नळ घरात आला, बसून करायचा स्वयंपाक ओट्यावर उभ्याने होऊ लागला, तेव्हा स्वयंपाकघर चार हात जागेत मावू लागले. गृहिणीची बैठक मोडली, त्यातून निजायची खोली निघाली. मुंबईच्या कितीतरी घरांतील पहिली ‘बेडरूम’ ही पूर्वाश्रमीची चुलीची खोली आहे.

दुसरा उपाय पोटमाळ्याचा. जुन्या चाळीचे छत दहा-बारा फूट उंच. खाली उभे राहण्यास सहा-साडेसहा फूट सोडले, तर वर चार-पाच फूट उरतात. त्यात उभे राहता येत नाही, बसता येते आणि निजता येते. तुळयांना लोखंडी अँगल, वर फळ्या, एक शिडी आणि एक दिवा. खालचा उकाडा वर चढतो, फोडणीचा वास वर चढतो. तरीही चाळीतल्या अनेक संसारांचा आरंभ आणि अनेक परीक्षांची तयारी या माळ्यावर झाली. तिसरा उपाय लोखंडी कपाटाचा. कपाट भिंतीला टेकवून ठेवण्याऐवजी खोलीत आडवे उभे करायचे. पुढून ते कपाट, मागून ती भिंत.

या साऱ्या खटाटोपाला कायद्याचाही हातभार लागला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते आवश्यक होते. पण त्यामुळे जुनी खोली सोडून नवी घेणे परवडेना आणि मालकाला दुरुस्ती परवडेना. कुटुंब वाढले ते त्याच खोलीत, आतल्या आत. १९६९ साली मोडकळीस आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला स्वतंत्र मंडळ नेमावे लागले.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे अस्थानी ठरू नये. भिंत सरकवता येते की नाही, हे भिंत कोणती आहे यावर ठरते. खांब-तुळयांचा काँक्रीटचा सांगाडा असेल, तर मधली साडेचार इंची वीट-भिंत केवळ आडोसा असते. जुन्या इमारतीत मात्र जाड भिंतच वरचा मजला तोलून धरते. ती फोडणे म्हणजे वरच्या बिऱ्हाडाच्या पायाखालचा आधार काढणे होय. पुढे झुकलेली गॅलरी माणसांनी उभे राहण्यासाठी असते. तिच्यावर पाण्याची टाकी आणि पुस्तकांची कपाटे चढवली की ती कुरकुरते. आपल्याकडे मोरी हलवली तर खालच्यांच्या अंथरुणावर पाणी ठिबकते. आपली अभ्यासिका दुसऱ्याच्या छतावर उभी असते, याचा विसर पडू नये.

दार कोणाला?

ज्यांच्या घरात एवढेही जमले नाही, त्यांनी अभ्यासाची जागा घराबाहेर शोधली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. पुढे मुंबईत रात्रशाळा, वाचनालये, महापालिकेच्या आणि संस्थांच्या अभ्यासिका, देवळाचे सभामंडप, चर्चची सभागृहे, हे सर्व मिळून शहराची एक मोठी सामाईक अभ्यासाची खोली तयार झाली. पण रात्री दहा वाजता अभ्यासिकेतून एकटे घरी परतणे मुलाला जितके सोपे, तितके मुलीला नसते. म्हणून मुलीच्या अभ्यासाची जागा घरातच काढावी लागते आणि घरात तर पाणी आले की हाक तिलाच पडते.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे, दोन शयनगृहांचे घर. जवळजवळ शंभर वर्षांनी या कुटुंबांना निजेसाठी दार लावता येईल अशी खोली मिळाली. ही सामान्य गोष्ट नव्हे आणि चाळीच्या जुन्या आठवणींचे कौतुक करताना तिचे मोल कमी करू नये. बोळात निजणाऱ्याला बोळाची शोभा सांगणे हा क्रूरपणा आहे.

मात्र दोन शयनगृहांचे घर हाती आले म्हणजे वाटणी आपोआप होत नाही. एक खोली आई-वडिलांची, दुसरी मुलाची, आजी आणि मुलगी दिवाणखान्यात, असा आराखडा आजही कितीतरी घरांत मुकाट्याने ठरतो. अल्बेर्तीने ग्रंथालय एकाच दाराला लावले होते. आपणही कळत-नकळत तेच करीत असतो. आमच्या वसईच्या गावांतही ओटी गेली, हॉल आला, वर मजला चढला, खोल्या वाढल्या. वेदी कोठे ठेवायची, याचा विचार घर बांधताना प्रत्येक ख्रिस्ती कुटुंब आवर्जून करते. मुलीचे मेज कोठे ठेवायचे, याचाही तसाच विचार नकाशा काढतानाच व्हावयास हवा.

या इतिहासातून एक गोष्ट पुन:पुन्हा हाती येते. घरात निजेची किंवा अभ्यासाची जागा जेव्हा जेव्हा निघाली, तेव्हा कोणीतरी आपल्या वाट्यातून ती दिली. रमाबाईंनी दुसरी खोली सोडली, गृहिणींनी चुलीची बैठक सोडली, सुभेदारांनी झोप सोडली. गवंडी भिंत बांधतो, ती नंतर. घराचा नवा नकाशा समोर पसरला जाईल, तेव्हा कोणती भिंत काढायची हे विचारण्याआधी या घरात आजवर कोण जागा देत आले आणि आता देण्याची पाळी कोणाची, एवढे एकमेकांना विचारावे.